पडद्याचा ठराव

“ओठ वाचता येतात ना तिला? मग भिंतीवर पडदा कशाला?” खजिनदार म्हणाले आणि रुमालाने तोंड पुसू लागले. पुढचं वाक्य रुमालातच राहिलं. टेबलाभोवती हशा पिकला. अध्यक्षही हसले, सगळ्यांच्या अर्धा श्वास मागून.

दोन वर्षं ते असेच मागून हसत होते. फांदीवरचं पाखरू उडून जावं आणि फांदी तेवढी हलत राहावी, तसे समोरच्यांचे ओठ हलताना दिसायचे; शब्द उडून गेलेले असायचे. घरी बायकोला ठाऊक होतं. “तुमच्याशी बोलायचं म्हणजे आडात हाक मारायची,” ती म्हणायची, “आणि आडसुद्धा उलट हाक देतो हो!” कानात यंत्र घालायला त्यांची ना होती. यंत्र दिसलं असतं. शिवणकामगारांचा हा सहकारी कारखाना त्यांनी चौदा मशिनींवर उभा केला होता. अध्यक्षाला ऐकू येत नाही हे कळलं, की पुढच्या सभेत खुर्ची गेली; आणि खुर्ची गेली की उरतो तो घरचा उंबरठा.

म्हणून त्यांनी एक रीत बसवली होती. ठराव वाचून झाला की विचारायचं, “कोणाची हरकत?” हात वर दिसला नाही की पेन्सिल टेबलावर टक्कन वाजवायची. मंजूर.

आज समोर काजवाली बसली होती. काज करण्याच्या मशिनीवर वीस वर्षं काढलेली, बारा वर्षांची असताना तापात ऐकणं गेलेली. कामगारांनी तिला या उन्हाळ्यात मंडळावर निवडून दिलं होतं. पहिल्याच बैठकीत तिने हा ठराव मांडला: जो जे बोलेल ते टंकलेखिकेने टाइप करायचं आणि त्याच क्षणी भिंतीवरच्या पडद्यावर दाखवायचं.

तिची नजर अध्यक्षांवरून हलत नव्हती. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, तसाच ठेवला. पंखा कमी करायला सांगितला, मग वाढवायला. खुर्चीचा एक पाय आखूड झाल्यासारखे ते कधी या कुशीवर, कधी त्या कुशीवर होत राहिले. ती इथे का निवडून आली होती, ते त्यांना ठाऊक होतं.

हिवाळ्यातली गोष्ट. मशीन सुरू होण्याआधी लाल दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा. दिवे वरचेवर बिघडतात, ते काढून भोंगा तेवढा ठेवावा, असा ठराव आला. कटिंग मास्तर बोलले होते. मास्तर हळू बोलतात, खाली मान घालून, कापडाशी बोलावं तसे. हात काही त्यांनी वर केला नाही. अध्यक्षांनी पेन्सिल वाजवली. टक्. मास्तरांना वाटलं, अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि बाजूला सारलं.

मास्तर काय म्हणाले होते, ते अध्यक्षांना इतिवृत्तात वाचून कळलं. ‘ज्या मुलींना ऐकू येत नाही, त्यांना भोंगा कसा कळणार?’ पण तोवर वाफेची मोठी इस्त्री ऐकू न येणाऱ्या एका पोरीच्या पंजावर उतरून गेली होती. दिवे दुसऱ्या दिवशी परत लागले. पोरीची बोटं मात्र परत उघडली नाहीत.

“अण्णा!” खजिनदारांनी टेबल थोपटलं. रुमाल एकदाचा खिशात गेला होता. “तीन बाजूने, तीन विरोधात. मत तुमचं. काय ते सांगून टाका, आम्ही कुठवर ताटकळायचं?”

अध्यक्षांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर मान खाली घालून टेबलाच्या कडेशी काहीतरी बोलत होते. काय, देव जाणे. छातीत हिवाळ्यातली पेन्सिल पुन्हा वाजली.

“ताई,” ते काजवालीला म्हणाले, “मी तुमच्याकडे तोंड करून सावकाश बोलत जाईन. सगळेच बोलतील. घरच्या घरात पडदा कशाला हवा?”

“वा! याला म्हणतात तोडगा!” खजिनदार खूष झाले. कोणी मान डोलावली, कोणी कागद आवरायला घेतले. अध्यक्षांची बोटं पेन्सिलीकडे गेली.

तेव्हा काजवाली उभी राहिली. तिला बोलता येत होतं. आवाज तिचा जाडाभरडा, खोलीभर जाणारा. पण आत्ता तिने आवाज काढलाच नाही. टेबलावर दोन्ही हात टेकून ती पुढे वाकली आणि नुसते ओठ हलवले. सावकाश, एकेक शब्द तोंडात पुरता आकार घेईल असे. सुईत दोरा ओवून द्यावा तसा शब्द न् शब्द तिने अध्यक्षांच्या डोळ्यांत ओवला. दोन वर्षांत पहिल्यांदा, अंदाज न बांधता, कोणाचं अख्खं बोलणं त्यांच्यापर्यंत पोहोचलं.

“अण्णा, मला ओठ वाचता येतात. तुम्हाला येत नाहीत. पडदा तुमच्यासाठी मागितलाय.”

आणि ती खाली बसली.

“काय म्हणाली? काय म्हणाली हो?” खजिनदारांनी अध्यक्षांचा दंड हलवला. “आवाजच नाही फुटला बाईचा!”

कोणाला काही कळलं नव्हतं. वाटेल ते सांगता आलं असतं: ताईंना तोडगा पसंत आहे, ताईंनी आभार मानले. अध्यक्षांनी काजवालीकडे पाहिलं. ती आता त्यांच्याकडे बघत नव्हती. पदराच्या टोकाचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत बसली होती.

अध्यक्षांनी पेन्सिल उचलली आणि शेजारी इतिवृत्त घेत बसलेल्या टंकलेखिकेच्या हातात दिली.

“लिहून घे, बाळ,” ते म्हणाले. “पडद्याचा ठराव मंजूर. आणि त्याच्याखाली लिही, हिवाळ्यात मास्तर बोलले ते अध्यक्षांना ऐकू आलं नव्हतं.”