लाजरा बिघाड

मुर्सितीबाईंचं पत्र आलं तेव्हाच उत्तर लिहायला हवं होतं, असं सुरादलना पुन्हा वाटलं. चार वर्षं ते पत्र सोल्डरच्या तारेच्या गुंडाळीखाली पडून होतं. ‘एकदा तेगलला या. मी स्टेशनवर निळी छत्री घेऊन उभी राहीन.’ एवढंच त्यात होतं. कितीदा तरी त्यांनी कोरा कागद पुढे ओढला होता. दर वेळी स्टेशनवर मान खाली घालून उभा असलेला एक म्हातारा डोळ्यांसमोर यायचा आणि कागद कोराच राहायचा.

दारात कासदुनची मोटरसायकल थांबली.

“म्बाह, तुमचा पेशंट पुन्हा बोलायला लागला!”

गावातली सगळी पोरं त्यांना म्बाहच म्हणत, आजोबा. सुरादल रेडिओ दुरुस्त करत, पुस्तकं वाचत आणि शक्यतो बोलत नसत.

“काल संध्याकाळी तर बरा होता,” ते म्हणाले.

“तुम्ही होतात ना समोर! तुमची पाठ फिरली की सुरू. लाजरा बिघाड आहे हा. नव्या जावयासारखा, सासऱ्यापुढे तोंडच उघडत नाही.”

सुरादलनी हत्यारांची पिशवी उचलली. अंगणात नारळापासून छपरापर्यंत ताणलेल्या तांब्याच्या तारेवर त्यांचा एकच सदरा वाळत होता. त्याखालून वाकून ते बाहेर पडले. या तारेवरून शेजारणी त्यांची थट्टा करत. एका माणसाच्या कपड्यांना एवढी लांब तार!

कासदुनच्या वाद्यवृंदानं सेमारंगच्या एका मोडलेल्या वाद्यवृंदाकडून जुना अॅम्प्लिफायर, मिक्सर आणि दोन माइक घेतले होते. त्यासाठी वारसिहनं, त्यांच्या गायिकेनं, कानातलं विकलं होतं. सेमारंगचाच एक कॅसेटवाला सोमवारी त्यांची टेप ऐकणार होता. आवडली तर लग्नाचा अख्खा हंगाम हाताला काम. नाहीतर वारसिह पुन्हा विडीच्या कारखान्यात जाणार होती. तिथल्या तंबाखूच्या धुळीनं तिच्या आईचा आवाज गेला होता.

शेजारची भातगिरणी दिवसभर धडधडायची, म्हणून टेप करायची ती संध्याकाळीच. सुरादल गिरणी थांबली की येत. त्यांनी केबली बदलल्या होत्या, सुटलेले सांधे जोडले होते, जमिनीत लोखंडी कांब ठोकून अर्थिंग केलं होतं, खोक्याला आतून पत्रा लावला होता. दर वेळी ते तासभर कान देऊन बसत. अॅम्प्लिफायरमधून चकार शब्द येत नसे. मग अजान होई, बाकीची मंडळी नमाज आटोपून जमू लागत आणि सुरादल उठत.

“जेवून जा की, म्बाह,” वारसिह म्हणायची.

“घरी काम आहे.”

“एकट्या माणसाला कसलं हो काम?”

ते नुसते हसत.

आज मात्र कासदुननं त्यांना बसवलं आणि कालची टेप लावली. वारसिहचा आवाज वर चढला, बासरी आली, आणि मधेच अॅम्प्लिफायरमधून कुणीतरी बोलू लागलं. पाण्याखालून आल्यासारखा, नाकातला आवाज.

“…तीन पिल्लं झाली मांजरीला. दोन काळी, एक पिवळं. पिवळं आपलं कोपऱ्यात. कुणी आलं की भिंतीकडे तोंड!” आणि खो खो हसू.

“चोरटा ट्रान्समीटर आहे कुणाचा तरी,” कासदुन म्हणाला. “रंगेल गडी दिसतोय. बायकोला झोपवून कुणाशी तरी गुलुगुलू चाललंय.”

“तो तंबाखूचा व्यापारीच असणार,” ढोलकीवाला म्हणाला. “छपरावर केवढा खांब उभारलाय. जाऊन तोडूनच टाकतो.”

“पुन्हा लावा,” सुरादल म्हणाले.

त्यांनी टेप तीनदा ऐकली. तिसऱ्यांदा डोळे मिटून. वारसिह त्यांच्याकडे बघत होती. तिचा हात रिकाम्या कानाच्या पाळीवर होता.

“म्बाह, जाईल ना हा? उद्याची एकच संध्याकाळ आहे.”

“व्यापाऱ्याकडे कुणी जाऊ नका,” ते म्हणाले. त्यांनी पिशवी उघडलीसुद्धा नव्हती. “उद्या बिनधास्त करा. यायचा नाही तो.”

“मग उद्या तुम्ही इथेच बसा, ताईत म्हणून!”

“नको. घरी काम आहे.”

सोमवारी संध्याकाळी वारसिह केळीच्या पानात सोयाबीनचं तळलेलं टेंपे बांधून सुरादलकडे आली. कॅसेटवाल्यानं टेप दोनदा ऐकली होती. पहिलं लग्न ठरलं होतं.

“एक शब्द मधे आला नाही, म्बाह. काय जादू केलीत?”

“काही नाही. सांधा होता एक. सोडवला.”

ती अंगणात वळली आणि थबकली. नारळ आणि छप्पर यांच्यामध्ये नुसतं आकाश होतं. “अगंबाई, तार कुठे गेली? आता कपडे कुठे वाळवणार?”

“कपडे आहेतच किती?”

पायाला काहीतरी मऊ लागलं म्हणून तिनं खाली पाहिलं. दोन काळी पिल्लं तिच्या चपलेशी खेळत होती. पिवळं कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलं होतं.

वारसिहची नजर पिवळ्या पिल्लावरून सुरादलवर गेली. मग वाकून तिनं टेंप्याचं पुडकं त्यांच्या हातात दिलं आणि तो म्हातारा हात क्षणभर कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरादल धुतलेला सदरा घालून टपालपेटीपर्यंत चालत गेले. ‘मुर्सितीबाई,’ त्यांनी लिहिलं होतं, ‘एरियलची तार मी उतरवली आहे. यापुढे संध्याकाळी तुमच्या वायरलेस सेटवर माझा आवाज यायचा नाही, म्हणून मीच रविवारच्या गाडीनं येतो. निळी छत्री आणाच. आणि एक सांगायचं राहिलं, समोरासमोर मी फारसा बोलत नाही.’ पाकीट त्यांनी पेटीच्या फटीत घातलं, थोडा वेळ बोटांनी धरून ठेवलं आणि सोडलं.