दोन रेघा

"तुझ्या बापाला आता तरी सोड गं," आत्या म्हणाली.

ती संगणकावर वाकलेली होती. पडद्यावर दोन चौकटी शेजारी शेजारी होत्या. डावीकडे सरावातली दुहेरी कोलांटी, उजवीकडे निवड स्पर्धेतली. दोन्हींत उडी मारणारी सोळा वर्षांची मुलगी ती स्वतःच होती. गादीच्या कडेला उभे असलेले प्रशिक्षक तिचे वडील.

खेळाडूंच्या हालचाली मोजणं हे आता तिचं रोजचं काम होतं. प्रत्येक चित्रात घोटा, गुडघा, कंबर, खांदा यांवर ठिपके ठेवायचे. पुढचं गणित संगणक करतो.

"या उड्यांची कॅसेट कुठे सापडली म्हणालीस?"

"त्याच्या कपाटात, स्वेटरच्या घडीत. एकदा विचारलं होतं मी. म्हणाला, ताई, ही पोरीच्या हाती पडता कामा नये."

"कशी पडू देतील? पुरावा होता ना!" तिने माऊस आपटला.

"फोड एकदाचा तो माऊस. त्या बिचाऱ्याने काय बिघडवलंय तुझं?"

"आणि माझं ज्यांनी बिघडवलं त्यांचं काय?"

त्या उडीत गुडघा कायमचा गेला होता. गादीवर पडल्या पडल्या तिने विचारलं होतं, "काय झालं?"

"माझा हात लागला," वडील म्हणाले होते. पंचांनाही त्यांनी तेच सांगितलं. गिरकी रंगात आलेली असताना, कुणी मागितला नसताना मध्ये घातलेला हात! त्यानंतर एकोणीस वर्षं तिने त्यांना 'बाबा' म्हणून हाक मारली नाही. त्यांच्या शेवटच्या आजारात दवाखान्यातून तीनदा निरोप आला, तरी ती गेली नाही.

"गेला माणूस. आता मोजून काय मिळणार तुला?"

"मी उगाच चिडले नव्हते, एवढं तरी मिळेल. हे बघ. पाय जमिनीवरून सुटताना अंगात फिरण्याचा जेवढा जोर असतो, तेवढाच पुढे टिकतो. हवेत आपला आपण तो वाढवता येत नाही, घटवता येत नाही. बाहेरून कुणी हात लावला तरच बदलतो. ही रेघ म्हणजे तो जोर; जास्त तर वर, कमी तर खाली. सरावातली बघ, कशी सरळ आहे. स्पर्धेतलीही तशीच सरळ जाईल आणि त्यांच्या हातापाशी धाडकन खाली येईल."

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं," आत्या पुटपुटली, पण खुर्ची पुढे ओढून बसली.

शेवटचे ठिपके तिने भराभर ठेवले. रागाने. तिने बटण दाबलं. दुसरी रेघ उमटली.

पाय सुटल्या क्षणापासूनच ती पहिलीच्या बरीच खाली होती. आणि शेवटपर्यंत सरळ.

"काय गं? काय आलं?"

तिने हाताचं चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. वडिलांचा तळहात पसरलेला होता, आणि तळहात व तिची कंबर यांच्यामध्ये मागचा निळा पडदा, चांगला चार बोटं, स्वच्छ दिसत होता.