चौसष्टचे पंचेचाळीस

सूनबाईची एक खोड सासूबाईंना मुळीच पसंत नव्हती. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं, “काही नाही.” अंगात ताप, काही नाही. डोळे रडून सुजलेले, तरी काही नाही. आज डबा विसरून गेली, तर फोनवरही तेच. शेवटी डबा घेऊन सासूबाई स्वतःच प्रयोगशाळेत येऊन थडकल्या.

दारावरच्या शिपायाने न विचारताच सांगून टाकलं, “तीनला साहेब कागद बघणार. चाचणी दोनदा फसलीय. आज जमलं नाही तर बाईंची नोकरी गेली म्हणा.”

आत सून टेबलाशी ताठ बसली होती. समोर आगपेटीएवढा धातूचा ठोकळा, त्याच्या डोक्यावर कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या पात्या. ठोकळ्याला लावलेली तार एका डबीत गेली होती आणि डबीवर तापमानाचा लाल आकडा.

“काय झालं गं?”

“काही नाही, आई.”

“हे काय आहे, ते तरी सांगशील?”

“दवाखान्यातल्या यंत्रात बसतं. पेशंटच्या उशाशी असतं ते यंत्र. ठोकळा तापतो, उष्णता पात्यांत चढून बाहेर जायला हवी. वीस मिनिटांत पंचेचाळीसवर आला की पास.”

घड्याळात तीनला पाच कमी होते. वीस मिनिटं भरली. लाल आकडा चौसष्टवर बसला होता तो हलेना. सुनेने घाम पुसला, दाराकडे पाहिलं आणि कागदावर घाईने लिहिलं, ४५.

सासूबाईंची शाळा दुसरीतच सुटली होती, पण आकड्यांशी त्यांचं वैर नव्हतं.

पोराचा ताप बघावा तसा हात उलटा करून त्यांनी पात्यांना लावला. पात्या थंडगार.

“खालचा जळतोय आणि वरच्यांना पत्ताच नाही. मधे काय लावलंयस?”

“लेप. उष्णता वर पोचवणारा,” सून पुटपुटली. मग तिचा चेहराच उतरला. “आई, लेप नीट बसलेला नाही. पण आता पुन्हा लावायला वेळ कुठाय?”

व्हरांड्यात बुटांचा आवाज आला. सुनेचा तळहात झटकन कागदावर गेला. सासूबाईंनी तो मनगटाला धरून बाजूला केला.

“घरात तुझं ‘काही नाही’ मी खपवून घेतलं. हे कुणाच्या तरी उशाशी जायचंय. खोड तो आकडा.”