अंबक्काची शिकवण

“मला काकाच्याच घरी जायचंय,” सोजर म्हणाली आणि तिनं झग्याची बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

बाहीखाली उलथन्याचा डाग होता. आईबाप गेल्यावर काकानं, गुंडेरावानं, तिला कोहिनूर गावी नेलं ते सांभाळायला नव्हे, राबवून घ्यायला. भाकरी करपली म्हणून त्यानं तापलेलं उलथनं तिच्या हातावर टेकवलं आणि तिला कडब्याच्या खोलीत कोंडलं. शाळेतल्या माणिकराव गुरुजींच्या नजरेला तो हात पडला, म्हणून ती या बालगृहात आली. इथं वरण पाण्यासारखं असेल, पण पोटाला मिळत होतं आणि कुणी डागत नव्हतं. जीव गेला तरी तिला काकाकडं परत जायचं नव्हतं.

मग ती असं का बोलली? अंबक्कानं तसं शिकवलं होतं.

अंबक्का बालगृहातली सगळ्यांत जुनी पोरगी. तिची आई अफजलपूरकडं ऊसतोडीला जायची. बसस्टँडवर मायलेकींची चुकामूक झाली आणि पोलिसांनी पोरीला इथं आणून सोडलं. आई शोधत आली तेव्हा कुठल्या पोरीला कुठं धाडायचं ते ठरवणाऱ्या चनमल्लप्पासाहेबांनी अंबक्काला हातावर पेपरमिंट ठेवून विचारलं, “सांग बाळ, तुला काय पाहिजे? तू म्हणशील तसंच करू.” ती हमसून हमसून म्हणाली, आईकडं जायचंय. साहेबांनी मान डोलावली आणि तिला इथंच ठेवलं. आई दिवसभर फडात, पोरीकडं कोण बघणार? पुढं मल्लम्मा नावाच्या पोरीनं इथंच राहू द्या म्हणून पाय धरले, तर तिला दारुड्या बापाबरोबर लावून दिलं. “पोरांना आपलं हित कळलं असतं तर आम्ही कशाला होतो?” असं साहेब म्हणायचे. विचारायला मात्र कधी चुकत नसत.

पोरींनी काय ओळखायचं ते ओळखलं. गेल्या उन्हाळ्यात एकीनं मनात होतं त्याच्या उलटं सांगून पाहिलं आणि तिचं काम फत्ते झालं. तेव्हापासून अंबक्का सगळ्यांना तेच शिकवायची आणि तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नव्हतं.

आज खुर्चीत चनमल्लप्पासाहेब नव्हते. त्यांच्या जागी नव्या सुशीलाबाई आल्या होत्या. सोजरनं सकाळी भांडी घासताना अंबक्काला तसं सांगितलंही होतं.

“कुणीबी येऊ दे गं,” अंबक्का राखेचा हात तव्यावर फिरवत म्हणाली होती. “गोड बोलतेत आन् उलटंच करतेत. तू आपलं शिकवलेलं सोडू नको.”

सुशीलाबाई मात्र खुर्चीतून उठून सोजरजवळ चटईवर येऊन बसल्या. पोरीला न्यायला आलेल्या गुंडेरावाला त्यांनी आधीच बाहेर काढलं होतं. त्यांनी हलकेच तिची बाही वर केली.

“हे काय गं?”

“चुलीला भाजलं. माझंच चुकलं.”

“भिऊ नकोस. खरं काय ते सांग. तू म्हणशील तसंच करीन मी.”

चनमल्लप्पासाहेबही अगदी असंच म्हणायचे. तरीही बाईंच्या डोळ्यांत बघताना सोजरच्या ओठांवर खरं येऊन थांबलं. तिनं ते कसंबसं गिळलं.

“काका लई मायेचा हाय. मला त्याची लई सय येती.”

कारकून भीमण्णा खाकरला. “बाई, गुरुजींचं म्हणणं येगळं हाय. पोरीला पाठवू नका म्हणतेत.”

“पोरगी काय म्हणते ते ऐकलंत ना? आजवर इथं नुसतं विचारलं गेलं, भीमण्णा. ऐकलं कुणीच नाही.” सुशीलाबाईंनी सही केली आणि सोजरच्या गालावरून हात फिरवला. “जा बाळ. तुझ्या मनासारखं केलं.”

सोजरला आधी काही उमगलंच नाही. काकाची चप्पल दारात वाजली तेव्हा ती किंचाळली, “न्हाई बाई! मी खोटं बोलले! मला हितंच ऱ्हायचंय!”

सुशीलाबाई दचकल्या. “खोटं? कुणी सांगितलं तुला खोटं बोलायला?”

नाव घेतलं असतं तर अंबक्काची धडगत नव्हती. त्यात आज सोजरनंतर तिचाच नंबर होता. सोजरनं मान खाली घातली.

“निघताना सगळ्याच पोरी अशा रडतेत, बाई,” राखणीच्या सत्यभामाबाई म्हणाल्या. “हितल्या पोरींचा लळा लागतोय. घरी गेली की इसरती.” सुशीलाबाईंनी पदरानं डोळे टिपले. त्यांना ते पटलं. सत्यभामाबाई अंबक्काला बोलवायला मागच्या अंगणात गेल्या.

गुंडेरावानं सोजरचा नेमका तोच हात धरला. फाटकापाशी उसाच्या पाचटानं हात ओरबाडलेली एक बाई धुडक्यात भाकरी बांधून बसली होती. तिचं नाक हुबेहूब अंबक्कासारखं होतं. तिला बघितलं आणि सोजर जागीच थबकली. नव्या बाई ऐकतात! अंबक्काला हे कुणी सांगितलंच नव्हतं. सोजर हात हिसडून मागं वळली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, “अंबक्का, खरं...”

काकाचा राकट तळवा तिच्या तोंडावर बसला. उघड्या खिडकीतून अंबक्काचा आवाज आला, घोकून घोकून पक्का केलेला, ठणठणीत.

“आईकडं न्हाई जायचं मला, बाई. मला हितंच ठेवा.”