तंटा मिटला

पनवेलजवळ एफ्राइमकाकांचा तबेला होता. मुंबईची हौशी माणसं आपले घोडे तिथे सांभाळायला ठेवत. घोड्यांना शिकवणारा कुंदन उरणचा, हाताचा पक्का आणि तोंडाचा फटकळ. दोघांची रोज कशावरून तरी जुंपायची. एकदा तर घोड्यांच्या मालकांसमोरच कुंदन ओरडला, "तबेला तुमचा हाय काका, पन घोड्यांतलं तुमाला काय कलतं?"

ते काकांना फार लागलं. त्या दिवशीच वाटणी झाली. चारापाणी काकांचं, तालीम कुंदनची, आणि एकाने दुसऱ्याच्या कामात तोंड घालायचं नाही. पुढे आठ महिने तबेल्यात भांडण झालं नाही, कारण दोघं एकमेकांशी बोलतच नव्हते.

गुरुवारी दुपारी मैना नावाची घोडी चारा सोडून सारखी पोटाकडे वळून बघायला लागली. काकांनी डॉक्टरांचा नंबर काढला, पण बोट तिथेच थांबलं. 'घोड्यांतलं मला काय कळतं! कुंदनने बोलावलंच असेल,' असं पुटपुटत त्यांनी फोन खिशात टाकला.

संध्याकाळी मैना आडवी झाली, ती उठलीच नाही. कुंदन तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. काका धावत आले, तेव्हा आठ महिन्यांत पहिल्यांदाच तो त्यांच्याशी बोलला.



"खानं-पिनं तुमच्याकडं, म्हनून मी गप ऱ्हायलो काका. मला वाटलं, डाक्टरला तुमी बोलावलं आसंल."