कव्हर नसलेलं पुस्तक

आमच्या कपाटातल्या एका पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालूनच ठेवायचं, असा ह्यांचा दंडक. शेजारच्या शिंपीणताईंच्या आजोबांचं अख्खं कुटुंब ज्याच्या सांगण्यावरून मारलं गेलं, त्याने ते लिहिलंय. हे इतिहासाचे मास्तर. मी कुरकुरले की म्हणतात, "अगं, उंदराचं औषध घरात ठेवणारा काही ते खात नसतो!"

काल पुसताना ते कव्हर फाटलं आणि नवं घालायचं राहूनच गेलं. संध्याकाळी शिंपीणताई शिवलेले पडदे घेऊन आल्या. चहा पिताना त्यांची नजर कपाटावर गेली.

"भाऊ, हे वाचलंत तुम्ही?"

"वाचलं, म्हणून तर सांगतो ताई, सगळा खोटारडेपणा!" ह्यांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

कपाटाच्या काचेतले हे मात्र होकार देत होते. अगदी शांतपणे, पटल्यासारखे.

मला वाटलं, उजेडाचा खेळ असेल. पण ह्यांची मान थांबली तरी काचेतली थांबेना. शिंपीणताईंनी कप खाली ठेवला. परगावी जाताना घराची किल्ली आमच्याकडे देणारी ती बाई, आता दारापर्यंतचं अंतर बघत होती.

"वहिनी," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला तरी तसं वाटत नाही ना हो?"

देवाची शपथ मी कधी घेत नाही, पण तेव्हा घेतली. "नाही हो," म्हणाले आणि मान मुद्दाम ताठ धरली.

काचेत माझी मान सावकाश खाली झुकली, आणि तितकीच सावकाश वर आली.