जत्रेत हरवलेला मुलगा

गोष्ट अर्ध्यावर थांबवून शालनबाईंनी विचारलं, "सांगा बघू, जत्रेत कोण हरवलं?"

"मी!" अख्खा वर्ग ओरडला आणि खिदळला. एकदा मुलाची नोंदणी झाली की पुस्तक गोष्टीतल्या मुलाच्या जागी वाचणाऱ्यालाच घालायचं; प्रत्येकाच्या पुस्तकात त्याचाच चेहरा, त्याचंच गाव. आपण तर इथे सुखरूप बसलोय, मग रडायचं कशाला?

भटक्यांच्या पालावरून नवीनच आलेल्या सुरंगीची नोंदणी तेवढी राहिली होती. तिच्या पुस्तकात कुणी अनोळखी मुलगा होता. ती मुसमुसत होती.

"बाई, त्याला त्याची आई घावंल का वो?"

शालनबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. कितीतरी वर्षांत हा प्रश्न वर्गात कुणी विचारला नव्हता.

नोंदणीवाले दुपारी यायचे होते. मग तो मुलगा पुसला जाऊन तिथे सुरंगीच येणार होती, आणि उद्या तीही हसणार होती.